मरिनर्सचे पहिले तीस सामने : काय पाहायचं, काय सोडून द्यायचं

आकडेमोड

सिएटल मरिनर्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा मोसम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो आणि एप्रिल संपेपर्यंत साधारण तीस सामने होऊन जातात. 162 मधले तीस म्हणजे साडेअठरा टक्के. एवढ्यावर कुणाचं वर्ष ठरत नाही. 2019 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स 23 मे रोजी 19 विजय आणि 31 पराभवांवर होते, त्याच संघाने ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिका, जिंकली. 2023 मध्ये टॅम्पा बे रेजनी पहिले 13 सामने ओळीने जिंकले, एकूण 99 जिंकले, आणि प्लेऑफच्या (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत टेक्सास रेंजर्सकडून दोन सामन्यांत बाहेर पडले. आपल्याच संघाचं उदाहरण घ्यायचं तर 2001 चा एप्रिल 20-5 असा गेला, वर्षाअखेर 116 विजय झाले, 1906 च्या शिकागो कब्जशी बरोबरी झाली, आणि तरी अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत यँकीजनी 4-1 ने हरवलं.

म्हणून एप्रिलमध्ये गुणतक्त्याकडे कमी आणि बाकीच्या गोष्टींकडे जास्त बघावं, हा या धाग्याचा विषय. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण कुठलं शीत उचलायचं ते माहीत हवं.

सगळे आकडे सारख्या वेगाने स्थिर होत नाहीत. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक रसेल कार्लटन यांच्या कामातून पुढे आलेले ठोकताळे असे: हिटरचा (बॅटिंग करणाऱ्याचा) स्ट्राइकआउटचा, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होण्याचा, दर सुमारे 60 वेळा बॅटिंग केल्यावर बोलायला लागतो, वॉकचा, म्हणजे चार वाईट चेंडूंवर पहिला बेस आयता मिळण्याचा, दर सुमारे 120 वेळा, होमरनचा (चेंडू भिंतीपलीकडे मारण्याचा) दर 170 च्या आसपास. फटका मारल्यावर तो क्षेत्ररक्षकांच्या मधून निघून हिट ठरतो की नाही, या दराला मात्र आठशेच्या वर फटके लागतात, म्हणजे दोन मोसमांची मजुरी. ‘स्थिर’ याचा अर्थ पक्का असा नाही. त्या टप्प्यावर दिसणाऱ्या फरकातला निम्मा भाग खेळाडूचा आणि निम्मा योगायोगाचा, एवढाच अर्थ.

रोज खेळणारा हिटर सामन्याला चार-सव्वाचार वेळा बॅटिंगला येतो. तेव्हा स्ट्राइकआउटबद्दल चौदा-पंधरा सामन्यांनंतर आणि वॉकबद्दल महिनाअखेरीस काही म्हणता येतं. 20 एप्रिलला कुणाची सरासरी (हिटचं प्रमाण) .190 आहे म्हणून त्याला बसवा म्हणणं हे अर्धवट शिजलेल्या भातावर निकाल देणं झालं. त्याच हिटरचा स्ट्राइकआउटचा दर गेल्या वर्षी 22 टक्के होता आणि आता 34 झाला असेल, तर मात्र काळजी रास्त आहे.

नवखा_प्रेक्षक

पिचरसाठीही (चेंडू टाकणाऱ्यासाठीही) असेच टप्पे आहेत का? ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा) बघू नये असं सगळे म्हणतात, मग काय बघावं?

आकडेमोड

आहेत. पिचरचा स्ट्राइकआउटचा दर सुमारे 70 हिटरना सामोरं गेल्यावर आणि वॉकचा 170 नंतर. स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, एका सामन्यात 22 ते 25 हिटरना तोंड देतो. म्हणजे पहिल्याबद्दल तीन सामन्यांत अंदाज येतो, दुसऱ्यासाठी मे उजाडतो.

ईआरएऐवजी एफआयपी (क्षेत्ररक्षण वगळून पिचरची कामगिरी मोजणारा आकडा) घरी काढून बघा, वहीत दोन मिनिटांत होतो. होमरन गुणिले 13, वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू यांची बेरीज गुणिले 3, दोन्ही मिळवा. त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करा. उत्तराला इनिंगने भागा आणि 3.1 मिळवा. हा शेवटचा आकडा वर्षागणिक थोडा हलतो, अंदाजापुरता पुरेसा आहे.

समजा एखाद्या स्टार्टरने चार सामन्यांत 22 इनिंग टाकल्या, 11 अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणाची चूक नसताना गेलेल्या धावा) दिले, 2 होमरन, 5 वॉक, एक चेंडू अंगावर, 24 स्ट्राइकआउट. ईआरए येतो 4.50, वाईट दिसतो. एफआयपी: 26 अधिक 18 वजा 48, म्हणजे उणे 4. भागिले 22, उणे 0.18. अधिक 3.1, म्हणजे 2.92. या पिचरला हात लावायची गरज नाही. त्याच्यावर पडलेल्या हिट या फटकेच चुकीच्या जागी गेल्यामुळे आहेत, किंवा मागचं क्षेत्ररक्षण ढिलं आहे. उलट ईआरए 2.10 आणि एफआयपी 4.80 असणाऱ्याचं कौतुक मेपर्यंत राखून ठेवावं.

पिचकाउंट

एफआयपीच्याही आधी बोलतो तो वेग. फास्टबॉलचा (सर्वांत वेगवान चेंडूचा) सरासरी वेग पहिल्याच सामन्यात कळतो, कारण चाळीस-पन्नास फास्टबॉल पडलेले असतात. तुलना करताना एक चूक सगळीकडे दिसते: एप्रिलचा वेग गेल्या वर्षीच्या पूर्ण मोसमाच्या सरासरीशी ताडून बघतात. थंडीत आणि तयारीच्या सुरुवातीला बहुतेकांचा वेग जुलै-ऑगस्टपेक्षा ताशी अर्धा ते एक मैल कमीच असतो. तुलना त्याच पिचरच्या गेल्या एप्रिलशी करा. बेसबॉल सॅव्हंट या आकड्यांच्या संकेतस्थळावर महिन्यानुसार गाळणी लावता येते.

अर्धा मैल कमी असेल तर सोडून द्या. एक मैल असेल तर पुढचे दोन सामने लक्ष ठेवा. दोन किंवा जास्त असेल आणि सोबत चेंडू हातातून सुटण्याची जागा काही इंचांनी खाली किंवा बाहेर सरकली असेल, तर खांदा किंवा कोपर दुखत असण्याची शक्यता धरून चला. वेग पहिल्या इनिंगला 96 आणि चौथ्याला 93 असा उतरत असेल तर ते पूर्ण सामन्यात सारख्याच कमी असलेल्या वेगापेक्षा जास्त वाईट चिन्ह आहे.

वय हेही कारण असतं, दुखापतच असते असं नाही. पिचर लुईस कास्टियोचा फास्टबॉल 2022 मध्ये 97 मैलांच्या आसपास होता, 2025 मध्ये 95 च्या आसपास. तो तरी चालला, कारण चेंडूची जागा आणि चेंजअप-स्लायडर या हळू आणि वळणाऱ्या चेंडूंचं प्रमाण त्याने बदललं. म्हणून वेगासोबत कुठला चेंडू किती टक्के टाकला हेही लिहून ठेवा. नवा चेंडू शिकलेला पिचर एप्रिलमध्येच तो उघड करतो.

डगआउट

आकडेमोड, मांडणी उत्तम आहे, पण गुणतक्त्याकडे कमी बघा हे पटत नाही. या संघाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

2023 मध्ये मरिनर्सचे 88 विजय झाले, शेवटची वाइल्ड कार्ड जागा (विभाग न जिंकता प्लेऑफमध्ये जाण्याची) टोरोंटोने 89 वर घेतली. 2024 मध्ये 85 विजय झाले, डेट्रॉइट आणि कॅन्सस सिटी 86 वर आत गेले. लागोपाठ दोन वर्षं एकाच विजयाने मागे. त्यातला एप्रिलमध्ये सातव्या इनिंगला घालवलेला प्रत्येक सामना सप्टेंबरइतकाच मोलाचा होता. 2024 ला 18 जूनला विभागात 10 सामन्यांची आघाडी होती, जुलै संपायच्या आत ती संपली. मोठी आघाडी टिकत नाही, पण लहान तूट भरूनही निघत नाही.

आणि 2022 पासून बरोबरी मोडायला 163 वा सामना नाही. दोन संघांचे विजय सारखे झाले तर आधी आपापसातले सामने बघतात, मग विभागातली कामगिरी. विभागातल्या प्रत्येक संघाशी 13 सामने असतात: ह्यूस्टन, टेक्सास, एंजल्स आणि सध्या सॅक्रामेंटोत खेळणारे अ‍ॅथलेटिक्स. एप्रिलच्या एखाद्या मंगळवारी ह्यूस्टनशी हरलेला सामना दोनदा मोजला जाण्याची शक्यता असते, एकदा तक्त्यात आणि एकदा बरोबरी मोडताना. 13 हा विषम आकडा आहे, त्यामुळे सात जिंकणाऱ्याकडे निकाल जातो. वहीच्या पहिल्या पानावर या चार संघांचे रकाने आखून ठेवावेत.

1988 च्या बाल्टिमोर ओरिओल्सनी पहिले 21 सामने हरले आणि मोसम 54-107 वर संपला. तिथे एप्रिलने खरंच सांगितलं होतं.

आकडेमोड

डगआउट, विजयाचं मोल आणि विजयावरून काढलेला अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोल सारखंच, हे मान्य. बरोबरीचा मुद्दा माझ्या मांडणीत सुटला होता, तो महत्त्वाचा आहे.

अंदाजाचं गणित मात्र असं: समजा संघ खरोखर .540 च्या ताकदीचा आहे, म्हणजे पूर्ण मोसमात 87-88 विजयांचा. 20 सामन्यांत त्याचे अपेक्षित विजय 10.8 आणि नुसत्या योगायोगाचं हेलकावणं दोन्हीकडे सव्वादोन. तोच संघ, तेच खेळाडू, 9-11 वरही असू शकतो आणि 13-7 वरही. दोन्ही निकाल अगदी सामान्य आहेत.

त्यापेक्षा आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं जुनं सूत्र वापरा. केलेल्या धावांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. 20 सामन्यांत 90 धावा केल्या आणि 80 दिल्या तर 8100 भागिले 14500, म्हणजे .559, म्हणजे 11 विजय. संघ 14-6 वर असेल तर तीन विजय एका धावेच्या सामन्यांतून आलेले असण्याची शक्यता मोठी, पुढे ते तसेच येत राहतील असं धरू नये. वर्गाऐवजी 1.83 हा घात घेतला तर उत्तर थोडं अचूक येतं. एखाद्या सामन्यात 14-1 असा निकाल लागला असेल तर तो सामना काढूनही एकदा गणित करून बघा, वीस सामन्यांत एक मोठा निकाल सगळं चित्र फिरवतो.

नॉर्थवेस्टी

सिएटलच्या मैदानाबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि एप्रिलमध्ये निम्मी गोष्ट तीच आहे.

टी-मोबाइल पार्क गेली काही वर्षं धावा करायला लीगमधलं सर्वांत अवघड मैदान आहे. समुद्रसपाटीवर, पाण्याच्या काठी, एप्रिलच्या रात्री 8 ते 12 अंश सेल्सियस. हवा थंड म्हणजे दाट, चेंडूला अडथळा जास्त. 400 फुटांचा फटका तापमानात साडेपाच अंश सेल्सियसचा फरक पडला की सुमारे 3 फुटांनी बदलतो. एप्रिलची रात्र आणि जुलैची रात्र यांत बारा-तेरा अंशांचा फरक धरला तर सात फूट. मध्यभागी भिंत 401 फुटांवर, डावीकडच्या मधल्या भागात 378 वर. भिंतीपाशी झेलला गेलेला फटका जुलैत पलीकडे गेला असता, असं म्हणताना हे सात फूट डोळ्यांसमोर ठेवावेत.

छप्पर सरकतं, ते बंद व्हायला 10 ते 20 मिनिटं लागतात. पण बाजू उघड्याच राहतात. ते छत्रीसारखं आहे, खोलीसारखं नाही. पावसापासून वाचवतं, थंडीपासून नाही. त्यामुळे ‘छप्पर बंद होतं म्हणजे हवा उबदार होती’ हा तर्क इथे चालत नाही.

शिवाय या मैदानावर स्ट्राइकआउटही जास्त होतात, दोन्ही संघांचे. म्हणजे घरच्या बारा-तेरा सामन्यांवरून हिटरचा स्ट्राइकआउटचा दर काढला तर तो फुगलेला असतो. वर आकडेमोड यांनी 60 बॅटिंगचा ठोकताळा दिला आहे, त्याला ही पुरवणी जोडा: मरिनर्सच्या हिटरचे घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे लिहा. आणि पिचरच्या बाबतीत उलट. घरी 2.50 आणि बाहेर 4.60 असेल तर तो पिचर ‘बाहेर घाबरतो’ असं नाही, मैदान त्याला मदत करतं.

हिटरचं खरं काय चाललं आहे ते फटक्याच्या वेगावरून बघा, कारण तो बॅटवरून निघतानाच मोजलेला असतो, वारा आणि थंडी त्यात नंतर येतात. ताशी 95 मैल किंवा जास्त म्हणजे जोरदार फटका. जोरदार फटक्यांचं प्रमाण टिकून आहे आणि सरासरी पडली आहे, तर थांबा. बॅटचा वेगही आता मिळतो. लीगची सरासरी सुमारे 72 मैल, 75 च्या वर म्हणजे वेगवान. हा आकडा आठवड्याभरात कळतो. तो दोन मैलांनी उतरला असेल तर मनगट, बोट किंवा बरगडीपाशी काहीतरी आहे असं समजून पुढचे सामने बघावेत.

शून्यआउट

नॉर्थवेस्टी +1. यात मरिनर्सच्या हुलिओ रॉड्रिगेझचं उदाहरण घालायलाच हवं. 2022 च्या एप्रिलमध्ये एकही होमरन नाही. पहिला 1 मे रोजी मायामीत. मोसमाअखेर 28 होमरन, 25 चोरलेले बेस आणि अमेरिकन लीगचा रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित). त्या महिन्यात झोनबाहेरच्या, म्हणजे स्ट्राइकच्या चौकटीबाहेरच्या, चेंडूंवर त्याला वारंवार स्ट्राइक देऊन बाद ठरवलं जात होतं, हे चेंडूगणिक नोंदीत स्पष्ट दिसत होतं. सरासरीत त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

नवखा_प्रेक्षक

आता पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येतं ना? ते कसं चालतं?

शून्यआउट

हो, 2026 पासून. प्रत्येक संघाला दोन आव्हानं. आव्हान बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं, चुकलं तर जातं. आव्हान फक्त हिटर, पिचर किंवा कॅचर (हिटरच्या मागे चेंडू पकडणारा) देऊ शकतो, तेही लगेच, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात आपटून. डगआउटमधून (संघाच्या बाकावरून) खुणावणं चालत नाही. झोन असा: रुंदी प्लेटइतकी म्हणजे 17 इंच, वरची कड हिटरच्या उंचीच्या 53.5 टक्क्यांवर आणि खालची 27 टक्क्यांवर. सहा फुटी हिटर असेल तर जमिनीपासून साधारण साडेएकोणीस ते साडेअडतीस इंच. मोजणी प्लेटच्या मध्यावर होते.

लक्ष ठेवायचं ते कधी वापरतात यावर. पहिल्या दोन इनिंगमध्ये, कुणी बेसवर नसताना पहिल्याच चेंडूवर आव्हान वाया घालवणारा संघ सातव्या इनिंगला हात चोळत बसतो. बेस भरलेले असताना 3-2 वरचा (तीन बॉल, दोन स्ट्राइक) एक चेंडू म्हणजे एक धाव किंवा एक आउट. आव्हान तिथे हवं. कॅचरला झोन सर्वांत चांगला दिसतो आणि पिचरला सर्वांत वाईट, तेव्हा कोण आव्हान देतं आणि किती बरोबर ठरतात याचा रकाना ठेवा. महिनाभरात चित्र उभं राहतं.

पिचकाउंट

आता बुलपेन, म्हणजे स्टार्टरनंतर येणारे रिलीव्हर पिचर. यावर सविस्तर लिहितो, कारण एप्रिलचे सामने बहुतेक इथेच जातात किंवा येतात.

26 जणांच्या संघात जास्तीत जास्त 13 पिचर. पाच स्टार्टर, आठ रिलीव्हर. एप्रिलमध्ये स्टार्टरला 80-90 चेंडूंपुढे सहसा नेत नाहीत. स्टार्टर सरासरी पाच इनिंग टाकत असतील तर पाच दिवसांत बुलपेनवर 20 इनिंग येतात. इनिंगला 16 चेंडू धरले तर 320 चेंडू, आठ जणांत वाटले तर माणशी 40. स्टार्टर सहा इनिंग टाकत असतील तर 15 इनिंग, 240 चेंडू, माणशी 30. हा दहा चेंडूंचा फरक कागदावर लहान दिसतो. पण वाटणी समान नसते. चांगले तीन-चार रिलीव्हर जवळच्या सामन्यांत पुन्हा पुन्हा येतात, आणि जादा ओझं त्यांच्यावरच पडतं.

म्हणूनच 2025 मध्ये मरिनर्सचा स्टार्टर ब्रायन वूने मोसमातल्या पहिल्या 25 च्या 25 सामन्यांत किमान सहा इनिंग टाकल्या, ही त्या वर्षाची सर्वांत कमी बोलली गेलेली पण सर्वांत उपयोगी गोष्ट होती. जॉर्ज कर्बी खांद्याच्या दुखण्यामुळे मोसमाच्या सुरुवातीलाच बाहेर होता, एप्रिलच्या शेवटी लोगन गिल्बर्टही दुखापतीने बाहेर गेला. अशा वेळी दर पाचव्या-सहाव्या दिवशी एक स्टार्टर सहा इनिंग हमखास देतो म्हणजे बुलपेनला एक दिवस विसावा मिळतो.

वहीत रोज एक ओळ लिहा. रिलीव्हरचं नाव, चेंडू किती, कुठल्या इनिंगला आला, संघ तेव्हा किती धावांनी पुढे-मागे होता. मग उद्या कोण येऊ शकतो ते आजच सांगता येतं. ढोबळ नियम: सलग दोन दिवस टाकलेला तिसऱ्या दिवशी सहसा नाही. एका दिवसात 25-30 चेंडू टाकलेला दुसऱ्या दिवशी नाही. चार दिवसांत तीनदा आलेल्याला एक दिवस सुट्टी. रिलीव्हर आंद्रेस मुन्योझ नवव्या इनिंगला का आला नाही असा संताप दिसतो, त्याचं उत्तर बहुधा मागच्या दोन ओळींत असतं.

बुलपेनमध्ये उठून सराव करून न आलेल्याचेही श्रम होतात, ते कुठल्याही तक्त्यात नसतात. सामना बघताना कोण सराव करत होता तेही टिपून ठेवा. आलेल्या रिलीव्हरला किमान तीन हिटरना तोंड द्यावं लागतं किंवा इनिंग संपवावी लागते, 2020 पासून हा नियम आहे. त्यामुळे डावखुऱ्या हिटरसाठी डावखुरा आणला तर त्याच्या पुढचे दोन हिटर कोण आहेत ते आधी बघा, निर्णय बरोबर होता की नाही तिथेच कळतं.

डगआउट

यात दहाव्या इनिंगचं जोडा. जादा इनिंगमध्ये प्रत्येक संघाला दुसऱ्या बेसवर एक धावणारा आयता मिळतो. त्यामुळे दहाव्यात रिलीव्हर एक हिटही न देता हरू शकतो: जमिनीवरून उजवीकडे फटका, धावणारा तिसऱ्यावर, मग लांब उंच फटका आणि धाव. ही धाव त्याच्या ईआरएत धरत नाहीत, पण पराभव त्याच्या नावावर लागतो. एप्रिलमध्ये रिलीव्हरच्या नावापुढे 0-3 बघून मत बनवू नये.

पहाटेचा_डाव

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात, म्हणजे पूर्ण मोसम उन्हाळी वेळेतच होतो आणि हिशोब एकदाच करावा लागतो. सिएटलची वेळ अधिक साडेबारा तास.

घरचा रात्रीचा सामना 6:40 ला असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी 7:10. दुपारचा 1:10 चा असेल तर आपल्याकडे मध्यरात्रीनंतर 1:40. ह्यूस्टन किंवा टेक्सासमध्ये संध्याकाळी 7:10 म्हणजे आपल्याकडे पहाटे 5:40. न्यूयॉर्क, बॉस्टन, टोरोंटो इथे 7:10 म्हणजे पहाटे 4:40. भारतातल्या प्रेक्षकाला पश्चिम किनाऱ्याचा संघ सोयीचा पडतो तो यामुळेच. घरचे सामने सकाळच्या चहाला सुरू होतात आणि दहाच्या आत बहुधा संपतात, कारण पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आल्यापासून नऊ इनिंगचा सामना 2 तास 40 मिनिटांच्या आसपास होतो. 2022 मध्ये हीच सरासरी 3 तास 4 मिनिटं होती.

तारखेचा घोळ टाळा. वेळापत्रकात मंगळवार लिहिलेला रात्रीचा सामना आपल्याकडे बुधवारी सकाळी असतो. शनिवार रात्रीचा सामना रविवारी सकाळी, आठवड्यातला तोच सर्वांत निवांत. सोमवारी आणि गुरुवारी संघाला सुट्टी असण्याची शक्यता जास्त, म्हणजे आपल्याकडे मंगळवार आणि शुक्रवार सकाळ रिकामी.

थेट बघता आलं नाही तर निकाल न बघता आधी चेंडूगणिक नोंद उघडा. लीगच्या गेमडे या सेवेवर प्रत्येक चेंडूची जागा, प्रकार आणि वेग असतो. पंचेचाळीस मिनिटांत सामना वाचून होतो.

नॉर्थवेस्टी

सिएटल परिसरात राहणाऱ्यांसाठी दोन ओळी. एप्रिलमध्ये दुपारचा सामना असेल तर तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली लवकर येते आणि थंडी वाजते. पहिल्या बेसच्या बाजूला आणि उजव्या मैदानाच्या मागे ऊन टिकतं. ऑगस्टमध्ये सल्ला उलटा. रात्रीच्या सामन्याला कुठेही बसा, स्वेटर पुरत नाही, वारा अडवणारं जाकीट हवं. लाइट रेलचं स्टेडियम स्थानक चालत जवळ आहे.

शून्यआउट

खेळाडूंची ये-जा समजली नाही तर एप्रिल गोंधळाचा वाटतो, म्हणून तेवढं लिहितो. दुखापतीची यादी हिटरसाठी किमान 10 दिवस, पिचरसाठी 15. ती तीन दिवसांपर्यंत मागच्या तारखेने लावता येते, त्यामुळे काही वेळा खेळाडू दोन-तीन दिवस नुसता बसलेला दिसतो आणि मग यादीत जातो. 60 दिवसांची यादी लावली तर 40 जणांच्या यादीत जागा मोकळी होते. ती का लावली याचं उत्तर बहुधा कुणाला तरी नव्याने घ्यायचं होतं हे असतं.

ट्रिपल ए, म्हणजे खालच्या पातळीच्या, संघाकडे टकोमाला परत पाठवलेला हिटर किमान 10 दिवस आणि पिचर 15 दिवस तिथे राहतो, कुणी जखमी झाला तरच आधी बोलावता येतं. एका खेळाडूला मोसमात पाचदाच असं पाठवता येतं. काल चार इनिंग टाकून संघाला वाचवलेला रिलीव्हर आज टकोमाला गेला, तर तो अन्याय वाटतो. कारण इतकंच असतं की तो पुढचे तीन दिवस टाकू शकत नाही आणि ताजा हात हवा असतो.

आणि तयार दिसणारा तरुण खेळाडू मार्चमध्ये संघात का नाही? खेळाडूच्या सेवेचं (संघातून मोकळं होण्यासाठी मोजलं जाणारं) एक वर्ष 172 दिवसांचं धरतात आणि मोसम साधारण 187 दिवसांचा. सुरुवातीचे सोळा दिवस उशिरा बोलावलं तर ते वर्ष पूर्ण मोजलं जात नाही आणि संघाला तो खेळाडू एक वर्ष जास्त मिळतो. शिकागो कब्जनी 2015 मध्ये क्रिस ब्रायंटला 17 एप्रिलला आणलं, तो 171 दिवसांवर राहिला. 2022 पासून पहिल्या दिवसापासून खेळवणाऱ्या संघाला जादा ड्राफ्ट निवड (नवा खेळाडू निवडण्याची संधी) मिळू शकते, म्हणून हे थोडं कमी झालं आहे. खेळाडूच्या दृष्टीने ही पद्धत वाईटच, आणि प्रेक्षकाच्याही.

नवखा_प्रेक्षक

सगळं वहीत लिहायचं तर सामन्यामागे किती वेळ जाईल? सर्वांत आधी कोणते रकाने ठेवू?

पिचकाउंट

दहा मिनिटं. एका सामन्याला एक पान.

वर प्रतिस्पर्धी, मैदान, तापमान, छप्पर उघडं की बंद. मग स्टार्टरची ओळ: इनिंग, चेंडू, स्ट्राइकआउट, वॉक, पहिल्या आणि शेवटच्या इनिंगचा फास्टबॉलचा वेग. मग रिलीव्हरच्या ओळी, वर सांगितल्याप्रमाणे. हिटरसाठी फक्त तीन आकडे: किती वेळा बॅटिंग, किती स्ट्राइकआउट, किती जोरदार फटके. सरासरी लिहू नका, ती कुठेही मिळते. शेवटी आव्हानं किती वापरली आणि किती बरोबर ठरली.

क्षेत्ररक्षकांना नेहमीचे क्रमांक वापरा म्हणजे जागा वाचते: 1 पिचर, 2 कॅचर, 3 पहिला बेस, 4 दुसरा, 5 तिसरा, 6 शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला), 7-8-9 डावीकडून उजवीकडे बाहेरचे तिघे. 6-4-3 लिहिलं की डबल प्ले (एका फटक्यावर दोन बाद) कसा झाला ते कळतं. शॉर्टस्टॉपला 5 आणि तिसऱ्या बेसला 6 लिहिण्याची चूक सुरुवातीला सगळीकडे होते.

दर दहा सामन्यांनी धावांची बेरीज करून आकडेमोड यांचं गणित मांडा आणि शेजारी खरे विजय लिहा.

डगआउट

आणि पहिल्या पानावर चार रकाने. ह्यूस्टन, टेक्सास, एंजल्स, अ‍ॅथलेटिक्स. प्रत्येकात तेरा चौकोन.

आकडेमोड

हो, ते आधी.